विसर्ग म्हणजे दोन टिंबं? (पेपर वाचून मुलांचे शब्द खरंच वाढतात का?)

माणदेशी मास्तर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या मंचावर रोमात (म्हणजे नुसता वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. आमच्याकडे पेपर एसटीबरोबर येतो, म्हणजे अकरा वाजता. पावसाळ्यात कधी कधी कालचा आणि आजचा जोडीनं. परिपाठात बातम्या वाचायची पद्धत सगळ्या शाळांत असते, तशी आमच्याकडेही आहे. दोन मुलं मथळे वाचतात, बाकीची रांगेत उभी राहून पायानं माती उकरतात. वाचणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही आणि आम्ही 'दैनंदिन वार्ता' या रकान्यात टिक करतो.

यंदा जूनमध्ये ठरवलं की हे नीट करायचं. शब्दसंपत्ती वाढवायची. प्रत्येकानं पेपरातले रोज पाच नवीन शब्द वहीत लिहायचे, समोर अर्थ, खाली वाक्य. ऑगस्टअखेर वह्या गोळा केल्या तेव्हा छाती फुगली. कुणाचे दोनशे शब्द, कुणाचे अडीचशे, लाल शाईनं अधोरेखित. मग मी वाक्यं वाचायला बसलो.

'ताशेरे: आईने ताशेरे ओढून भाकरी केली.'
'खलबते: आम्ही सहलीला खलबते नेली.'
'कमाल: कमाल तापमान म्हणजे तापमानाने कमाल केली.'

शेवटच्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. पण मुद्दा कळला. अडीचशे शब्द वहीत होते, तोंडात एकही नव्हता. अर्थ कुठून आणले होते? मोठ्या भावाच्या मोबाईलवरून नाही तर शेजाऱ्याच्या वहीतून.

त्याच आठवड्यात कोयना धरणाची बातमी होती. 'कोयनेतून विसर्ग वाढवला'. एका मुलीनं हात वर केला. "सर, विसर्ग म्हणजे ती दोन टिंबं ना? दुःखातली? ती धरणातून कशी सोडतात?"

वर्ग हसला. मीही हसलो. आणि मग खडू हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. विसर्ग म्हणजे सोडणं. तोंडातून हवा सोडली तर व्याकरणातला, दरवाज्यातून पाणी सोडलं तर धरणातला. मी फळ्यावर एवढंच लिहिलं, तर तीच मुलगी म्हणाली, "मग गणपतीचं विसर्जन पण त्यातलंच?" त्यातलंच! मग उत्सर्जन आलं, संसर्ग आला, निसर्ग आला. सगळं एका 'सृज्' धातूचं गोत. तास संपला तरी पोरं उठेनात.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तीच बातमी घेतली. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गावातली पोरं ही. आकडा बघून गप्पच झाली. एकजण हळूच म्हणाला, "सर, आणि आपल्याला किती?"

त्या चार दिवसांत मुलांना जेमतेम सहा-सात शब्द मिळाले असतील. पण ते आजही वापरतात. नळ चालू राहिला की 'विसर्ग बंद कर' असं ओरडतात.

म्हणून इथे विचारतोय. तुमच्या घरी, शाळेत पेपरचा असा उपयोग कुणी केलाय का? कुठलं पान घ्यावं? सगळे 'अग्रलेख वाचायला लावा' असं सांगतात, मला तेच पटेनासं झालंय.

---

कोडंवाली

मास्तर, दंडवत घ्या. 'तापमानाने कमाल केली' माझ्या फ्रीजवर चिकटवणार आहे.

अग्रलेखाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आमच्या लहानपणी वडील अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावायचे. वाचायची सवय लागली, पण नववीपर्यंत त्यातलं काय कळलं म्हणाल तर वडिलांचा मूड.

नातवाला (इंग्रजी माध्यम, डोंबिवली) मी निधनवार्तांपासून सुरुवात करून दिली. हसू नका. छोटी बातमी असते, साचा ठरलेला असतो आणि नातेवाईक सगळे हजर असतात. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' पश्चात, परिवार, सून, जावई, पणतू, सगळं एका वाक्यात आलं. या पिढीला सगळेच 'कझिन' आणि 'अंकल', त्यांना आतेभाऊ, मावसभाऊ कुठून कळणार? तिसऱ्या दिवशी विचारतो, "आजी, सगळ्यांना अल्पसाच आजार कसा होतो?" आता दीर्घ, प्रदीर्घ, अल्पसा आणि आकस्मिक हे चारही त्याला नीट कळतात.

शब्दकोड्यांचं मात्र मी सांगणार नाही. चाळीस वर्षं सोडवतेय. कमळाला सात शब्द येतात मला, आणि मंडईत कमळ घेताना त्यातला एकही उपयोगी पडत नाही.

---

गोष्टीवेल्हाळ

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

पेपरातली मराठी मुलांना का द्यायची? 'उद्घाटन करण्यात आले', 'कार्यक्रम संपन्न झाला', 'या योजनेच्या माध्यमातून', 'दरम्यान'. हे वाचून मुलांचे निबंध कसे होतात ते मी बघितलंय. माझ्या मुलीनं सहलीवर लिहिलं, 'सकाळी बसमध्ये बसण्यात आले. दुपारी जेवण करण्यात आले.' कोण बसलं, कोण जेवलं, पत्ता नाही! सगळी वर्गसहल भुतांची.

शब्द गोष्टीतून येतात. गोष्टीत शब्दाला वास असतो, माणूस असतो. पेपरात नुसता शब्द असतो. मास्तरांचा विसर्गाचा किस्सा सुंदर आहे, पण तो पेपरचा नाही, मास्तरांचा आहे. त्यांनी दुकानाची पाटी घेतली असती तरी तास रंगला असता.

---

अभ्यासिका

गोष्टीवेल्हाळ ताईंना +१, पण थोडं वेगळ्या कारणानं.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षा करतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत सगळे पेपरवर तुटून पडलेत. पिवळा, हिरवा, गुलाबी हायलायटर. मी अग्रलेखातले शब्द काढून यादी केली होती: अनाठायी, सर्वंकष, ऊहापोह, अन्वयार्थ, तद्वत. मग निबंधात पेरले. तपासणाऱ्या सरांनी समासात लिहिलं, 'उसने कपडे, खांद्यात घट्ट.'

अजून लागतं ते.

आता एकच करतो. बातमी वाचायची, पेपर घडी करून ठेवायचा आणि तीच बातमी रूममेटला तोंडी सांगायची. सांगताना जो शब्द अडतो तोच शिकायचा. रोज एक-दोनच निघतात. रूममेट कंटाळलाय, पण त्याचाही अभ्यास होतोय.

---

रात्रपाळी

मास्तरांच्या धाग्यावर लिहायला हवं, कारण गोष्टीवेल्हाळ यांनी ज्या मराठीला झोडपलंय ती तयार करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. निवृत्त उपसंपादक आहे. गुन्हा कबूल, माफीचा साक्षीदार करा.

'करण्यात आले' कुठून येतं ते सांगतो. रात्री साडेदहाला वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी येते. पान सुटायला तास उरलेला. इंग्रजी वाक्य कर्मणी असतं आणि कर्ता कोण हे त्यातच लिहिलेलं नसतं. शोधायला वेळ नसतो, म्हणून मराठीतही कर्ता गायब. डेस्कवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक दंतकथा आहे: पुरात रेल्वेचे स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) वाहून गेल्याची बातमी आली आणि झोपाळू उपसंपादकानं 'शेकडो झोपलेले वाहून गेले' असं छापलं. प्रत्येक डेस्क हे दुसऱ्या पेपरात घडलं म्हणून सांगतो, आमचाही सांगायचा.

पण हे दुखणं आजचं नाही. बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाला, तोच मुळी मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी घेऊन. मराठी पेपर जन्मापासून इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसलाय. त्यातून घाण आली तशा नव्या वस्तूही आल्या. महापौर, हुतात्मा, दिग्दर्शक हे सावरकरांनी दिलेले शब्द. ते पुस्तकात राहिले असते तर पुस्तकातच राहिले असते. पेपरांनी रोज छापले म्हणून रुळले, असं आपलं माझं मत.

आता मास्तरांना कामाचं सांगतो. मथळ्यातले शब्द वेगळे घ्या. मथळा लिहिणाऱ्याला जागा मोजून मिळते. एका स्तंभात मोठ्या टायपात आठ-दहा अक्षरं. म्हणून आम्ही मुसंडी, खिंडार, चाप, घूमजाव, धुसफूस असले आखूड आणि ठसकेबाज शब्द पाळून ठेवलेले असतात. बोलताना कुणी 'मी आज मंडईत मुसंडी मारली' म्हणत नाही. मुलांना सांगा, हा मथळ्याचा शब्द आहे, याचं घर मथळ्यात.

आणि दुसरं, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. एकाच दिवशीचे दोन-तीन पेपर घ्या. बातमी एकच. एक लिहितो 'बंड', दुसरा 'उठाव', तिसरा 'फूट'. एसटीचं तिकीट महागलं तर कुणी 'भाडेवाढ' म्हणतो, कुणी 'भाड्यात सुधारणा'. सरकारनं निर्णय मागे घेतला तर 'घूमजाव', 'माघार', 'फेरविचार', 'नमते घेतले'. चारही शब्दांचा कोशातला अर्थ सांगून काही उपयोग नाही. कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय ते पोरांना ओळखू द्या. गोष्टीत हे मिळत नाही हो ताई, गोष्टीत लेखक एकच असतो.

---

गोष्टीवेल्हाळ

हे शेवटचं मान्य. भांडण मागे घेत नाही, पण 'नमते घेतले' म्हणा हवं तर.

---

गोदाकाठ

आमच्या मराठवाड्यात टीएमसी नाही, दलघमी! दशलक्ष घनमीटर. लहानपणी मला वाटायचं दलघमी हे गावाचं नाव आहे. 'जायकवाडीत इतके दलघमी पाणी' म्हणजे दलघमीहून आलेलं. जायकवाडीची पूर्ण साठवण २,९०९ दलघमी, आणि एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. करा भागाकार, १०२ च्या वर येईल. मास्तरांच्या पोरांना सांगा, कोयना आणि नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) जवळपास बरोबरीचे गडी आहेत.

आणखी एक शब्द सुचवतो: आणेवारी. दरवर्षी बातमी येते, 'अमुक गावांची आणेवारी पन्नास पैशांच्या आत'. माझा पुतण्या म्हणाला, "काका, आणे तर गेले ना?" गेलेच की, १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचं पीक म्हणजे पूर्ण पीक, त्यावरून आणेवारी. आता पैशांत मोजतात म्हणून सरकारी कागदावर पैसेवारी, पण लोकांच्या तोंडी आणेवारीच. नाणं गेलं, शब्द राहिला. आणि तो पन्नासच्या आत आला तर टंचाईच्या सवलती मिळतात, म्हणून आमच्याकडे हा शब्द पोरांच्या आधी बापांना पाठ असतो.

अवांतर: 'विरोधकांची मोट बांधली' यातली मोट कुठली? आमचे आजोबा शपथेवर सांगायचे की विहिरीवरची. पण विहिरीची मोट बांधून विरोधक एकत्र कसे येतील?

---

रात्रपाळी

मोट म्हणजे गाठोडं, भारा. चामड्याची मोट वेगळी, ही बांधायची मोट वेगळी. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात दोन्ही सापडतील, आंतरजालावर फुकट बघता येतो. आजोबांना दोष नाही, ज्यांनी रोज मोट हाकली त्यांना तीच दिसणार.

मथळ्यातल्या अर्ध्याअधिक वाक्प्रचारांचं असंच आहे. वस्तू गावातून गेली, पेपरात राहिली. प्रश्न 'ऐरणीवर' येतो, पण ऐरण बघितलेलं पोरगं किती? अहवाल 'बासनात' गुंडाळला जातो. बासन म्हणजे पोथ्या, दप्तरं बांधायचं फडकं. प्रवाशांना 'वेठीस' धरतात, ती वेठबिगारीतली वेठ. कामाला 'खीळ' बसते, योजनेत 'खोडा' घालतात, 'भिजत घोंगडं' पडतं. मास्तर, तुमच्या माणदेशात घोंगडं तरी अजून सापडेल. एकदा खरंच भिजवून दाखवा, किती जड होतं आणि किती दिवस वाळत नाही ते.

---

इंदूरकर

इकडची एक गंमत. आमच्या घरात मराठी चार पिढ्यांची, पण मुलं हिंदी शाळेत. मोबाईलवर मराठी ई-पेपर वाचायला देतो. मुलानं वाचलं, 'मुख्यमंत्र्यांचा राजीनामा', आणि मला सांगतो, "चला, भांडण मिटलं!" इथल्या हिंदीत राजीनामा म्हणजे कोर्टातली तडजोड. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'विद्यार्थ्याची चेष्टा केल्याबद्दल शिक्षा' ही बातमी त्यानं कशी वाचली असेल विचार करा.

आम्ही अशा जोड्यांची एक वही केलीय. दुःख असं की 'खुलासा' त्या वहीतून काढावा लागतोय. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. पण आता मराठी पेपरच हिंदीसारखं 'धक्कादायक खुलासा' छापतात, तर मुलाला काय तोंडानं सांगू की ते चूक आहे?

---

रात्रपाळी

सांगा, बिनदिक्कत सांगा. पेपरात छापलं म्हणजे बरोबर, ही समजूत मोडणं हाही अभ्यासच. आव्हान आणि आवाहन यांची अदलाबदल तर आठवड्यातून एकदा हमखास सापडते. 'रक्तदान करण्याचे आव्हान'. मुलांना अशा चुका पकडायला लावा, बक्षीस ठेवा. परत बघायला नको इतकं बारकाईनं वाचतील.

---

माणदेशी मास्तर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस नेट नव्हतं, आता एकदम उत्तर देतो.

गोष्टीवेल्हाळ ताई, तुमचं 'भुतांची वर्गसहल' वर्गात वाचून दाखवलं. आता बातमी हातात आली की 'कोणी?' असं विचारायचा खेळच झालाय. 'वृक्षारोपण करण्यात आले.' कोणी? 'पाठपुरावा करण्यात येईल.' कोणी? शेवटच्या बाकावरचा तर मलाच विचारतो. 'गृहपाठ देण्यात येत आहे' असं मी फळ्यावर लिहिलं होतं, लगेच आवाज आला, "कोणी?"

अभ्यासिका, तुमची तोंडी सांगायची युक्ती उचललीय. दोघा-दोघांनी बातमी वाचायची, पेपर उलटा ठेवायचा आणि एकानं दुसऱ्याला घरच्या बोलीत सांगायची. मग परत पेपर बघायचा, पेपरवाल्यानं तीच गोष्ट कुठल्या शब्दात सांगितली ते. इथे एक कळलं. आमची मुलं शब्दांनी गरीब नाहीतच. 'जिरायती', 'दुबार पेरणी', 'आवक' हे मला त्यांना शिकवावं लागत नाही. आमच्यातली बरीच घरं ऊसपट्ट्यात तोडीला जातात, त्यामुळे 'उचल' (आगाऊ घेतलेले पैसे) म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फक्त हे शब्द 'मराठीच्या पेपरात लिहायचे' शब्द आहेत, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा 'साखर उतारा घटला' ही बातमी होती. म्हटलं, उतारा म्हणजे काय, ज्याला जे माहीत ते सांगा. एकजण म्हणाला, कारखान्याचा, शंभर किलो उसात किती साखर निघाली तो. त्यावर दर ठरतो. दुसरा म्हणाला, सातबाराचा उतारा, तलाठ्याकडचा. तिसरी म्हणाली, परीक्षेत असतो तो, 'खालील उतारा वाचून'. चौथा म्हणाला, विंचू चावल्यावर देतात तो. मग मागून एकदम हळू आवाजात, "सर, तिठ्यावर ठेवतात तो पण. लिंबू, अंडं." वर्गात शांतता. मी तोही फळ्यावर लिहिला. पाच उतारे, एका बातमीवरून. कोशात बघायच्या आधी पाचही वर्गात निघाले.

पान कुठलं, याचं उत्तर बहुतेक मिळालं मला. जिल्ह्याचं पान, बाजारभाव, पाऊसपाणी. ज्या बातमीतली निम्मी माहिती पोराला आधीच आहे, तिथे उरलेले चार शब्द आपोआप बसतात. अग्रलेखात निम्मी माहितीच नसते, मग शब्द कशाला चिकटणार?

---

वकिलीणबाई

उशिरा आले, पण महत्त्वाचं पान कुणीच सांगितलं नाही: आतलं, बारीक टायपातलं. जाहीर नोटीस!

हसण्यावारी नेऊ नका. ही भाषा आयुष्यात प्रत्येकाला एकदा तरी गाठते, घर घेताना, जमीन वाटताना, वडील गेल्यावर वारस लावताना. आणि त्या वेळी ती कळत नाही म्हणून माणसं माझ्यासमोर बसून नुसती मान हलवतात. सही करतात. मग पुढच्या वर्षी रडत येतात.

नोटिशीचा साचा बघा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' (गोष्टीवेल्हाळ, कोणी कळवलं ते खाली लिहिलेलं असतं, वकिलाची सही असते). मग 'मौजे अमुक येथील मिळकत', तिच्या 'चतुःसीमा', पूर्वेस काय, पश्चिमेस काय. 'आमचे अशील' म्हणजे पक्षकार. 'गहाण, दान, बक्षीस, वारसा, वहिवाट, बोजा' यांपैकी कुणाचा 'हक्क, हितसंबंध' असेल तर '१४ दिवसांचे आत हरकत' घ्या. नाहीतर मिळकत 'निर्वेध व बोजारहित' (तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क वा कर्ज नाही) आहे असं समजून व्यवहार पुरा होईल. दहा ओळींत पंधरा शब्द, आणि एकही शोभेचा नाही. एक गाळलात तर कुणाचा तरी हिस्सा जातो.

निम्मे फारसी-अरबीतून आलेले, निम्मे संस्कृत, एका ओळीत गुण्यागोविंदानं बसलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी, तरी हक्क, हरकत, वारसा काही हलले नाहीत. 'वटहुकूम' आणि 'अध्यादेश' एकच, हेही मुलांना सांगा. पेपर दोन्ही छापतो.

गुन्ह्यांच्या बातम्यांतला एक फरक मात्र सातवीपासूनच शिकवा. पोलीस कोठडी म्हणजे चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगात रवानगी. आणि संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे लोक. पेपर वाचणारी मोठी माणसंही अटकेच्या बातमीवरच 'दोषी' म्हणून मोकळी होतात.

जाता जाता: १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं. 'चारसोबीस माणूस' मात्र अजून तोच. 'तो पक्का तीनशे अठरा आहे' असं म्हणायला किती पिढ्या लागतील देव जाणे.

---

कोडंवाली

वकिलीणबाई, वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद काढून बसलेय आता. 'निर्वेध' शोधतेय, सापडत नाहीये. काळजी करू का?

---

वकिलीणबाई

करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

माणदेशी मास्तर

आठवड्यानंतर लिहितोय. वकिलीणबाईंचं ऐकून पेपरातल्या सहा जाहीर नोटिसा कापून सहा गटांना दिल्या. पहिला दिवस डोकं खाजवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एकानं घरून निरोप आणला की आजोबा 'कुलमुखत्यारपत्र' (आपले अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) शब्द ऐकून उठूनच बसले, आमच्या जमिनीत हेच झालं होतं म्हणाले. तिसऱ्या दिवशी विसर्गवालीनं वर्गाच्या दाराला एक कागद चिकटवला. जसाच्या तसा देतो, शुद्धलेखन फक्त दोन ठिकाणी सुधारलंय:

*जाहीर नोटीस*

*तमाम विद्यार्थ्यांस कळविण्यात येते की, मौजे इयत्ता सातवी, बाक नंबर तीन येथील निळ्या रंगाची पाण्याची बाटली ही आमचे अशील (माझ्या शेजारी बसते ती) हिच्या मालकी वहिवाटीची असून ती शनिवारपासून बेपत्ता आहे. बाकाच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस खिडकी, पश्चिमेस मधली वाट, उत्तरेस फळा, दक्षिणेस बाक नंबर चार. सदर बाटलीवर कोणाचा गहाण, दान, बक्षीस अगर वारसा हक्क असल्यास त्याने मधल्या सुट्टीच्या आत पुराव्यासह हरकत घ्यावी. अन्यथा ती निर्वेध आहे असे समजून ज्याच्याकडे सापडेल त्याच्यावर ताशेरे ओढण्यात येतील.*

*(कोणी? सर.)*

---

रात्रपाळी

ताशेरे बरोबर जागी पडले! पंचवीस वर्षांत आमच्या डेस्कवरून असली निर्दोष कॉपी क्वचित गेली असेल.

---

गोष्टीवेल्हाळ

आणि बाटली? सापडली का?

---

माणदेशी मास्तर

सापडली. दक्षिणेस, बाक नंबर चारच्या दप्तरात. तो म्हणतो, नोटीस लावली त्या दिवशी तो गैरहजर होता, सबब मुदत त्याला लागू होत नाही. वर्गात दोन तट पडलेत. प्रकरण प्रलंबित आहे, बाटली माझ्या टेबलावर आहे.